विटेट यांच्या इमारतींना सिमेंट मानवत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींवर छापून येणाऱ्या मजकुरात एक चूक वारंवार दिसते. दगडी भिंत आणि कमान दिसली की 'गॉथिक', म्हणजे टोकदार कमानींच्या युरोपीय शैलीची, म्हणून मोकळे व्हायचे. गेटवे गॉथिक, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गॉथिक, बॅलार्ड इस्टेटही गॉथिक. चूक शब्दापुरतीच असती तर आम्ही हे पत्र लिहिले नसते. पण 'जुनी दगडी इमारत' हीच समजूत पुढे दुरुस्तीच्या निविदेत उतरते. १८७८ साली उभ्या राहिलेल्या राजाबाई टॉवरला आणि १९२४ साली पुऱ्या झालेल्या गेटवेला मग एकच औषध लिहून दिले जाते. या दोन वास्तूंची हाडे वेगळी आहेत, म्हणून त्यांची दुखणीही वेगळी आहेत.

२०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मुंबईतल्या वास्तुसमूहाच्या नावात व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको या दोन शैली आहेत. पहिली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, दुसरी १९३० च्या दशकातली. मधली वीस-बावीस वर्षे या नावात बसत नाहीत, आणि नेमकी तीच वर्षे वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांची आहेत. मुंबईची ओळख म्हणून जे चित्र जगभर छापले जाते ते विटेट यांच्या गेटवेचे. तरी त्यांचे नाव वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसे कोणी घेत नाही.

विटेट यांचा जन्म १८७८ साली स्कॉटलंडमधल्या ब्लेअर अॅथॉल येथे झाला. पर्थमध्ये उमेदवारी, मग एडिंबरो आणि यॉर्क येथे काम करून १९०४ साली ते मुंबईत आले आणि सरकारचे सल्लागार वास्तुविशारद जॉन बेग यांचे साहाय्यक झाले. त्याच वर्षी बेग यांच्या जनरल पोस्ट ऑफिसचे काम सुरू झाले आणि ते १९१३ पर्यंत चालले. कुर्ल्याचा काळा दगड, मालाडचा पिवळसर दगड आणि ध्रांगध्र्याचा पांढरा दगड हे तिन्ही एका इमारतीत कसे नांदवायचे आणि विजापूरचा घुमट मुंबईच्या कचेरीवर कसा चढवायचा, याची शाळा त्या कामातच होती. बेग पुढे भारत सरकारच्या सेवेत गेले आणि मुंबईचे पद विटेट यांच्याकडे आले. १९१९ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि टाटांच्या वास्तुविभागाची सूत्रे घेतली. ११ सप्टेंबर १९२६ रोजी आमांशाने ते गेले तेव्हा अठ्ठेचाळिशीही गाठली नव्हती. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना पुरले आहे. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचे पहिले अध्यक्ष तेच.

बावीस वर्षांतले काम पाहा. वस्तुसंग्रहालय, गेटवे, विज्ञान संस्था आणि तिला जोडलेले कावसजी जहांगीर सभागृह, धोबी तलावचे लघुवाद न्यायालय, परळचे के. ई. एम. रुग्णालय, वाडिया प्रसूतिगृह, बॉम्बे हाऊस, शिवाय १९१६ साली उघडलेली कराची पोर्ट ट्रस्टची इमारत. यांतल्या बहुतेक वास्तू ज्या कामासाठी बांधल्या त्याच कामासाठी आज शंभर वर्षांनंतरही वापरात आहेत. रुग्णालयात आजही रुग्ण आहेत आणि न्यायालयात खटले चालू आहेत. सभागृहाचे १९९६ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय झाले.

वस्तुसंग्रहालय थोडे जवळून पाहायला हवे. पायाचा दगड ११ नोव्हेंबर १९०५ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते बसला. १९०९ मध्ये खुली स्पर्धा झाली आणि तीत विटेट यांचा आराखडा निवडला गेला. १९१४ मध्ये इमारत पुरी झाली, पण महायुद्धामुळे तिथे लष्करी रुग्णालय थाटले गेले. संग्रहालय म्हणून ते लोकांना खुले व्हायला १० जानेवारी १९२२ उजाडावे लागले. बाहेरचा घुमट गोवळकोंड्याच्या वळणाचा आहे, पण आतली रचना विजापूरच्या गोल घुमटाची. मधल्या दालनात उभे राहून मान वर केली की एकमेकींना छेदत जाणाऱ्या कमानी दिसतात. हे नक्षीकाम नव्हे. चौकोनी जागेवर गोल घुमट बसवताना कोपरे मोकळे राहतात आणि घुमट बाहेरच्या बाजूला रेटा देतो. छेदणाऱ्या कमानी चौकोनाचा अष्टकोन करतात, कोपऱ्यांचा भार पेलतात आणि आतल्या अंगाला झुकल्यामुळे त्यांचे वजन त्या रेट्याला आवर घालते. सतराव्या शतकातल्या विजापुरी गवंड्यांचे हे गणित विटेट यांनी समजून घेतले आणि वापरले. त्याच दालनात नाशिकच्या एका वाड्यातून विकत घेतलेले लाकडी महिरपींचे काम बसवले आहे. वाडा मोडला, पण त्याची महिरप जिवंत राहिली. जुना माल जपून पुन्हा वापरायचा हा धडा पुढे पुन्हा येणार आहे.

बॅलार्ड इस्टेटमध्ये मात्र यातले काहीच नाही. अलेक्झांड्रा गोदीच्या खोदाईतून निघालेल्या भरावावर पोर्ट ट्रस्टने सुमारे २२ एकर जमीन तयार केली आणि तिथल्या इमारतींचा तोंडवळा विटेट यांच्या देखरेखीखाली ठरला. ना घुमट, ना जाळ्या. कंगण्या, म्हणजे भिंतीच्या माथ्याशी पुढे आलेल्या दगडी पट्ट्या, एका रेषेत, उंची सारखी, वळण युरोपीय अभिजात शैलीचे. लोकांसाठीच्या वास्तूला इथल्या मातीतले रूप आणि व्यापारी कचेऱ्यांच्या पेठेला शिस्तीचे रूप, असा भेद हा माणूस करत होता. म्हणून त्यांच्यावर 'इंडो-सारासेनिक' (भारतीय-इस्लामी घाटाची ब्रिटिशकालीन शैली) एवढीच चिठ्ठी चिकटवणेही अपुरेच आहे.

आता गेटवे. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा तिथे तात्पुरता मंडप होता. ३१ मार्च १९१३ रोजी पायाचा दगड बसला, १९१४ मध्ये आराखडा मंजूर झाला आणि पुढची काही वर्षे समुद्र हटवून भराव टाकण्यात आणि धक्क्याची भिंत बांधण्यात गेली. पाया १९२० मध्ये पुरा झाला आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी उद्घाटन केले. खर्च सुमारे २१ लाख रुपये. पैसे संपल्याने समोरचा नियोजित रस्ता झालाच नाही, म्हणून येणारा रस्ता आजही कमानीला तिरका भिडतो. मधला घुमट ४८ फूट व्यासाचा. जाळ्या ग्वाल्हेरहून आणलेल्या, दगड मालाडजवळच्या खारोडीचा. इथवर बहुतेकांना माहीत असते. ज्याचा विसर पडतो ते असे की या वास्तूत दगडाबरोबर सळईचे काँक्रीट आहे आणि पायातले खांबही काँक्रीटचेच आहेत. १९२० च्या सुमाराला हे तंत्र मुंबईत नवे होते आणि ते थेट समुद्राच्या तोंडावर वापरले गेले.

विटेट यांच्या पिढीच्या इमारती मिश्र बांध्याच्या आहेत. बाहेर घडीव दगड, त्यामागे चुन्यातले बांधकाम, मजल्यांना पोलादी गर्डर आणि दोन गर्डरांमध्ये विटांची बसकी कमान, कुठे काँक्रीटच्या लाद्या, आणि कंगणीचे पुढे आलेले दगड जागच्या जागी धरून ठेवायला आत लोखंडी आकडे. राजाबाई टॉवर पाहणाऱ्याचा मुख्य प्रश्न दगड आणि चुना असा असतो. इथे त्यांत लपलेल्या लोखंडाची भर पडते. लोखंड गंजले की मूळच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागते. दगडाला ती देता येत नाही, तो तडकतो. कंगणीखाली आडवी, सरळ, आकड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा दिसणारी चीर हे दगडाचे म्हातारपण नव्हे. ती आतल्या आकड्याने दिलेली खूण आहे. अशा चिरेत सिमेंटचे पातळ मिश्रण ओतले की चीर दिसेनाशी होते आणि आकडा गंजतच राहतो. तीन-चार पावसाळ्यांत तोच तुकडा सिमेंटसकट खाली येतो, आणि खाली पदपथ असतो. दगड सोडवून आकडा काढणे आणि त्या जागी ३१६ प्रतीच्या स्टेनलेस पोलादाचा किंवा ब्राँझचा आकडा चुन्यात बसवणे, याला पर्याय नाही. काम महाग आहे, परांची जास्त दिवस उभी राहते, पण ते एकदाच करावे लागते.

काँक्रीटचा भाग तपासण्याची साधी रीत आहे. ताजा तुकडा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारायचे. जिथे गुलाबी रंग उमटतो तिथे काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे, सळईला संरक्षण आहे. जिथे रंग येत नाही तिथवर हवेतला कार्बन डायऑक्साइड पोचला आणि सळईचे संरक्षण गेले. शंभर वर्षांच्या काँक्रीटमध्ये ही रंगहीन पट्टी बहुधा सळईच्या पलीकडे गेलेली असते. मात्र किनाऱ्यावर एवढ्याने भागत नाही. रंग गुलाबी आला तरी मिठातले क्लोराइड आत शिरलेले असू शकते आणि सळई त्यानेही गंजते. त्यासाठी वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी छिद्र पाडून काढायची आणि प्रयोगशाळेत तपासायची. या दोन चाचण्यांचे निकाल हाती नसताना दुरुस्तीचा अंदाजपत्रकी आकडा मांडणे म्हणजे नाडी न बघता काढा देणे आहे.

सिमेंटचा दुसरा उपद्रव दगडांच्या सांध्यांत होतो आणि तो अधिक सर्रास दिसतो. भिंत पाणी पिते आणि ते सोडतेही. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो, त्यामुळे ओल सांध्यातून बाहेर पडते. पाण्याबरोबर येणारे क्षारही तिथेच साचतात. दर काही दशकांनी सांधा झिजतो, तो उकरून नवा भरायचा. स्वतः झिजून दगड वाचवायचा, हेच त्याचे काम. सिमेंटचा सांधा घट्ट आणि कडक. ओलीला वाट उरते ती दगडातूनच. मग क्षार दगडाच्या पृष्ठभागामागे स्फटिक होऊन फुगतात, भिंतीला लोणा लागतो आणि दगडाच्या ढलप्या सुटतात. मालाडचा पिवळसर दगड ट्रॅकाइट या फिकट ज्वालामुखीय जातीचा आहे, कुर्ल्याच्या बेसॉल्टपेक्षा तो हे कमी सोसतो. जवळ जाऊन पाहिले तर खूण पटते. सिमेंटची रेघ चौकटीसारखी ताठ पुढे आलेली आणि तिच्या आतला दगड बशीसारखा खोल गेलेला. दगड खराब नव्हता. त्याला औषध चुकीचे मिळाले.

सांधे भरण्याचे योग्य काम असे होते. जुना माल हाताने, अरुंद छिन्नीने काढायचा. विजेचे कापयंत्र उभ्या सांध्यात हमखास दगडाच्या कडेत घुसते आणि घडीव कडा एकदा गेली की परत येत नाही. खोली सांध्याच्या रुंदीच्या निदान दुप्पट, साधारण २० ते २५ मिलिमीटर. धूळ झटकून सांधा आदल्या दिवशी आणि कामाआधी भिजवायचा, मात्र पाणी साचलेले नको. कळीचा चुना विरवून निदान महिनाभर पाण्याखाली मुरवलेला असावा. प्रमाण साधारण १ भाग चुन्याला अडीच ते ३ भाग वाळू. जिथे पावसाचा मारा थेट बसतो तिथे वाळूचा काही हिस्सा सुरखीने, म्हणजे विटेच्या भुकटीने, बदलायचा, म्हणजे माल ओलाव्यातही धरतो. सुरखी कमी आचेवर भाजलेल्या विटेची हवी. काळपट, करपलेल्या विटेची भुकटी चुन्याशी नीट धरत नाही. माल एका दमात न कोंबता १० ते १२ मिलिमीटरच्या थरांत दाबत भरायचा, शेवटचा थर दगडाच्या कडेपासून किंचित आत ठेवायचा, आणि ओल्या गोणपाटाखाली निदान सात दिवस राखायचा. बहुतेक ठिकाणी काम बिघडते ते या शेवटच्या पायरीवर. उन्हात दोन दिवसांत वाळलेला चुना हाताने चोळला की भुकटी होतो आणि मग ठेकेदार म्हणतो, चुना टिकत नाही, सिमेंट घाला. ऐन पावसाळ्यात आणि मे महिन्याच्या उन्हात हे काम काढूच नये. मुंबईत त्याचा खरा हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा, आणि निविदांच्या तारखा या हंगामाकडे पाहून ठरायला हव्यात.

मूळ मालाचे प्रमाण काढण्यासाठी नमुना सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवतात. चुना जातो, वाळू उरते, ती चाळून तोलतात. किनारपट्टीवर मात्र यात एक खोच आहे. त्या काळच्या वाळूत शिंपल्यांचे कण असू शकतात आणि आम्लात तेही विरघळतात. मग अहवालात चुना खरा होता त्याहून जास्त दिसतो आणि त्या बळावर केलेला नवा माल सुकताना तडकतो. नमुन्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली एकदा पाहिला तर शिंपले ओळखू येतात. एवढी तपासणी पूर्ण कामाच्या खर्चापुढे नगण्य आहे.

सफाईबद्दल थोडक्यात. वाळूचा मारा अजिबात नको. त्याने काजळीबरोबर पाथरवटाच्या टाकीचे घावही निघून जातात. मध्यम दाबाचे पाणी आणि नायलॉनचे कुंचले बहुतेक भिंतींना पुरतात. जिथे काळी खपली चिकटून बसली आहे तिथे कागदाचा लगदा किंवा मुलतानी माती शुद्ध पाण्यात कालवून दीड-दोन सेंटिमीटर जाडीचा लेप द्यायचा, पुरता वाळू द्यायचा आणि काढून पुन्हा द्यायचा. पिंपळाचे रोप ओढून काढू नये, मुळाबरोबर सांधा उघडतो. ते बुंध्याशी छाटून मूळ मारायचे आणि पोकळीत चुन्याचा पातळ माल भरायचा.

गच्च्यांचा विषय स्वतंत्र पत्राचा आहे, तरी एक गोष्ट इथेच सांगणे भाग आहे. चुन्याच्या जुन्या कोब्यावर गळती लागली की वर आणखी कोबा, त्यावर पुन्हा डांबरी थर, पुन्हा कोबा, असे करत जातात. १०० मिलिमीटरचा एक थर म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १८० किलो. असे दोन थर चढले की गर्डरावर त्याच्या हिशेबात कधीच नसलेला भार येतो. भरीला पन्हळीची तोंडे थराखाली निम्मी बुजतात आणि पाणी भिंतीत उतरते. नवा थर टाकण्याआधी जुने उतरवून मूळ उतार मोकळा करणे, एवढ्यानेही अनेक गळत्या थांबतात.

गेटवे राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या अखत्यारीत आहे. २०२३ मध्ये पाहणीनंतर पृष्ठभागावर काही ठिकाणी चिरा असल्याचे आणि एकूण वास्तू सुस्थितीत असल्याचे सरकारकडून सांगण्यात आले. ते वाचून आम्हाला बरे वाटले. पण चिरा कुठल्या हे महत्त्वाचे आहे. सांध्यातल्या चिरा चुन्याने भागतात, काँक्रीटमधल्या चिरा भागत नाहीत. चिरांचा नकाशा, चाचण्यांचे निकाल आणि वापरायच्या मालाचे प्रमाण विभागाने संकेतस्थळावर ठेवावे. लोकांच्या पैशाने होणारे हे काम जाणकारांना वेळेत तपासता येईल. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, श्रेण्या आहेत, समिती आहे. परवानगीच्या अर्जासोबत नकाशा, निकाल आणि प्रमाण या तीन गोष्टी बंधनकारक करायला नवा कायदा लागत नाही.

शेवटी दगडाबद्दल. मालाड-खारोडीच्या खाणी केव्हाच बंद झाल्या, त्यांच्या जागेवर आज वस्ती आहे. विटेट यांच्या भिंतीतला एक दगड बदलायचा तर त्याच्या रंगाचा, त्याच धाटणीचा दगड मिळण्याचे एकच ठिकाण उरले आहे, ते म्हणजे पाडल्या जाणाऱ्या जुन्या इमारती. आज तिथला घडीव दगड डबराबरोबर भरावात जातो. महापालिकेने पाडकामाच्या परवानगीत एक अट घालावी. पिवळा मालाडी दगड सुटा करून, मोजून, क्रमांक टाकून ठरलेल्या जागी जमा करावा. उतरवताना दगड हाताने सुटा करून कप्पीने खाली घ्यावा. यंत्राच्या दणक्याने केसाएवढ्या चिरा पडतात आणि त्या बसवल्यानंतरच्या पहिल्या पावसात उघडतात. रचताना दगडाचे मूळचे बसते अंग खालीच राहील अशी खूण करावी. पोर्ट ट्रस्टच्या, म्हणजे आताच्या मुंबई पोर्ट ऑथॉरिटीच्या, ताब्यातली एखादी रिकामी वखार यासाठी पुरेल.

आपले,
जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचे काम करणारे काही वास्तुविशारद, अभियंते आणि पाथरवट
मुंबई